खांद्याचं ऑपरेशन झालं, आता झोपायचं कसं?

खांद्याचं ऑपरेशन करून घरी आलेला माणूस दिवसा बऱ्यापैकी ठीक असतो. चहा घेतो, भेटायला आलेल्यांशी गप्पा मारतो, एका हाताने पेपर चाळतो. रात्री दिवे मालवले की मात्र खांदा ठणकायला लागतो आणि पहाटेपर्यंत डोळ्याला डोळा लागत नाही. दुसऱ्या दिवशी फोन जातो तो ‘ऑपरेशन बिघडलं तर नाही ना?’ असं विचारायला. बहुतेक वेळा काहीही बिघडलेलं नसतं. गोळ्यांच्या वेळा चुकलेल्या असतात, नाहीतर कोपर चुकीच्या जागी असतं. या दोन गोष्टी जमल्या तर रात्र बरीच सुसह्य होते, म्हणून त्यांच्याबद्दल इथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

उदाहरण घेतलंय रोटेटर कफच्या दुरुस्तीचं, कारण दुर्बिणीतून होणाऱ्या खांद्याच्या ऑपरेशनांत ते नेहमीचं आहे. दंडाच्या हाडाच्या गोल डोक्यावर चार स्नायूंच्या कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, टोपीसारख्या बसलेल्या असतात; तोच रोटेटर कफ. त्यातली एखादी फाटली की हाडात छोटे अँकर बसवून, त्यांच्या दोऱ्यांनी ती पुन्हा हाडाला बांधतात. कंडरा हाडाला नीट धरायला साधारण १२ आठवडे लागतात. पहिले ६ आठवडे जवळजवळ सगळी मदार त्या दोऱ्यांवर असते. तेवढ्या काळात झोपेत हात झटकन उचलला गेला, डास मारायला असो की पांघरूण ओढायला, तर ताण थेट टाक्यांवर येतो. रात्रीही स्लिंग, म्हणजे हात गळ्यात अडकवून ठेवणारी झोळी, घालून झोपायला सांगतात ते याचसाठी.

रात्रीच का ठणकतं?

पहिलं कारण अगदी यांत्रिक आहे. पाठीवर सपाट झोपलं की खांद्याचं पातं गादीला टेकतं, पण दंडाला खालून आधार नसतो. पाठ आणि दंड यांच्यात मोकळी जागा राहते आणि कोपर हळूहळू तिच्यात मागे पडतं. कोपर मागे गेलं की हाडाचं डोकं पुढे ढकललं जातं आणि खांद्याच्या पुढच्या बाजूला, नेमकी जिथे दुरुस्ती झालेली असते तिथे, ओढ बसते. पहिल्या पाच मिनिटांत काही जाणवत नाही. तासाभराने जाग येते ती कळ घेऊनच.

दुसरं, शरीरातलं कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सगळ्यात खाली आलेलं असतं. सूज आटोक्यात ठेवणारं हे शरीराचं स्वतःचं रसायन. त्यातच लक्ष गुंतवायला रात्री काही नसतं. आणि अपुरी झोप वेदना सहन करण्याची ताकद कमी करते, त्यामुळे एक रात्र वाईट गेली की पुढच्या दिवशी तेवढंच दुखणं जास्त वाटतं.

आणखी एक कारण असतं, ते प्रिस्क्रिप्शनच्या कागदावरच लिहिलेलं असतं.

१-१-१ चा घोटाळा

आपल्याकडे डॉक्टर गोळीपुढे १-१-१ लिहितात. घरी त्याचा अर्थ होतो नाश्त्यानंतर, दुपारच्या जेवणानंतर, रात्रीच्या जेवणानंतर. म्हणजे सकाळी ९, दुपारी २, रात्री ९. आता अंतर मोजा. दिवसा पाच आणि सात तास, रात्री सलग बारा तास. पॅरासिटामॉलचा असर साधारण ४ ते ६ तास टिकतो. नऊची गोळी अडीच-तीनपर्यंत संपलेली असते आणि पुढची सकाळी नऊला. दुखणं सगळ्यात जास्त असतं तेव्हाच औषध सगळ्यात कमी असतं. १-०-१ असेल तर दुपारी औषध नाही एवढाच फरक, रात्रीची पोकळी तेवढीच.

हा डॉक्टरांना विचारायचा प्रश्न आहे आणि डिस्चार्जच्या वेळीच विचारावा: ‘ही गोळी किती तासांनी?’ उत्तर तासांत लिहून घ्यायचं. ८ तासांनी असेल तर सकाळी ६, दुपारी २, रात्री १०. ६ तासांनी असेल तर ६, १२, ६, १२. पॅरासिटामॉल रिकाम्या पोटीही चालतं, त्यामुळे रात्री बाराच्या किंवा पहाटेच्या डोसाला जेवणाची गरज नाही. अ‍ॅसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांना मात्र पोटात काहीतरी हवं.

पहिले तीन ते पाच दिवस गोळ्या घड्याळाप्रमाणे घ्यायच्या, दुखण्याप्रमाणे नाही. ‘सहन होतंय तोवर कशाला गोळी’ हा बाणा एरवी चांगला. इथे तो महागात पडतो. वेदना एकदा चढली की तीच गोळी तिला खाली आणायला जास्त वेळ घेते, आणि तोंडावाटे घेतलेल्या गोळीला काम सुरू करायलाच अर्धा ते एक तास लागतो. रात्री दोनला कळवळत उठून घेतलेल्या गोळीने झोप लागेपर्यंत तीन वाजतात.

आता बेरीज. भारतात वेदनेच्या गोळ्या बहुतेक जोडीने येतात आणि त्या जोडीत पॅरासिटामॉल लपलेलं असतं. समजा अ‍ॅसिक्लोफिनॅक १०० अधिक पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा आहे: पॅरासिटामॉल झालं ६५०. ट्रॅमाडॉल ३७.५ अधिक पॅरासिटामॉल ३२५ दिवसातून तीनदा: ९७५. वर साधी ६५० ची गोळी तीनदा: १९५०. एकूण ३५७५ मिलिग्रॅम. प्रौढ माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे. वय जास्त असेल, वजन कमी असेल, यकृताचा त्रास असेल किंवा दारूची सवय असेल तर डॉक्टर ती बरीच खाली ठेवतात. त्यात सर्दी झाली म्हणून ५०० ची पॅरासिटामॉल असलेली एक गोळी घेतली की ४०७५. मर्यादा ओलांडली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. म्हणून प्रत्येक पट्टीच्या मागची बारीक अक्षरं वाचायची आणि एका कागदावर बेरीज करून तो फ्रिजवर लावायचा.

सूज उतरवणाऱ्या गोळ्यांना, म्हणजे अ‍ॅसिक्लोफिनॅक वगैरेंना, वेगळी पथ्यं आहेत. किडनीचा आजार, पोटात अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं यांपैकी काहीही असेल तर त्या स्वतःच्या मनाने घेऊ नयेत. रक्तदाबाची टेल्मिसार्टनसारखी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी आधीपासून चालू असेल तर तिसरी ही आली की किडनीवर तिहेरी भार पडतो. आधीच्या दोन एकाच गोळीत एकत्रही असतात, तेव्हा ऑपरेशनच्या आधी सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून भूलतज्ज्ञांपुढे ठेवाव्यात. नावं सांगण्यात गल्लत होते, पट्ट्यांत होत नाही. काही सर्जन कंडरा जुळण्याला अडथळा नको म्हणून या गोळ्या थोडेच दिवस देतात किंवा टाळतात. त्यावर मतभेद आहेत, तुमचे सर्जन सांगतील ते धरून चालायचं.

ट्रॅमाडॉल किंवा टॅपेन्टाडॉल ही वरच्या पायरीची औषधं. मळमळ, गरगरणं, बद्धकोष्ठता हे त्यांचे नेहमीचे उपद्रव. बद्धकोष्ठतेची वाट बघू नका. गोळी सुरू झाली त्याच दिवशी, डॉक्टरांना विचारून, पोट साफ ठेवणारं औषध सुरू करा. नैराश्यावरची किंवा फिटची औषधं चालू असतील तर ट्रॅमाडॉल घेण्याआधी सांगायलाच हवं. वेदनेसाठी ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) लावला असेल तर त्याच्यावर शेकाची पिशवी नको, कडक उन्हात बसणं नको. उष्णतेने औषध जास्त वेगाने अंगात जातं.

पहिल्या रात्रीचा सापळा

खांद्याच्या ऑपरेशनसाठी बहुतेक ठिकाणी मानेच्या बाजूला इंजेक्शन देऊन हाताच्या नसा बधिर करतात. याला ‘ब्लॉक’ म्हणतात. एकदाच दिलेला ब्लॉक साधारण १२ ते २४ तास टिकतो. सकाळी ११ ला दिला असेल तर तो रात्री ११ पासून पुढे कधीही उतरू शकतो, आणि उतरतो तो हळूहळू नाही. तास-दोन तासांत शून्यावरून एकदम तीव्र वेदनेवर. संध्याकाळी पेशंट म्हणतो, ‘अहो, काहीच दुखत नाही, उगाच घाबरलो होतो’ आणि गोळ्या बाजूला ठेवतो. त्याच्या गोळ्या तिथेच राहतात आणि रात्री दोनला घरात धावपळ उडते.

उपाय साधा. बोटांना मुंग्या आल्या किंवा बोटं हलकेच हलायला लागली की ब्लॉक उतरायला लागलाय असं समजायचं. पण त्याचीही वाट न बघता, झोपण्याआधीचा डोस दुखत नसतानाही घ्यायचाच.

हात बधिर असतो तोवर तो तुमचा नाहीच असं समजून सांभाळा. तो मांडीवरून घसरला, खिडकीच्या गजावर आपटला, गरम चहाच्या कपाला टेकला तरी कळणार नाही. बर्फ लावताना या काळात दर पाच मिनिटांनी त्वचा डोळ्यांनी बघायची. आणि ब्लॉकच्या बाजूची पापणी जड होणं, डोळा लालसर दिसणं, आवाज बसणं, थोडं धाप लागल्यासारखं वाटणं या गोष्टी घाबरवतात, पण त्या बऱ्याचदा त्याच औषधाच्या शेजारच्या नसांवर झालेल्या परिणामातून येतात. श्वासाच्या पडद्याची त्या बाजूची नसही काही तास सुस्तावते. उठून बसल्यावर बरं वाटतं. बसूनही दम लागत असेल, वाढत असेल किंवा छातीत दुखत असेल तर घरी थांबू नका.

भूल देताना डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं असेल तर पहिल्या रात्री झोप उडते ती त्यामुळेही, आणि मधुमेह असलेल्यांची साखर एक-दोन दिवस वर राहते.

अंथरूण कसं रचायचं

रिक्लायनर खुर्ची असेल तर प्रश्न मिटला. नसेल तर पुण्या-मुंबईसारख्या शहरांत डोक्याकडची बाजू वर होणारा फाउलर बेड महिन्याच्या भाड्याने मिळतो. तोही नको असेल तर घरच्या लोड-तक्क्यांवर उत्तम काम भागतं.

जमिनीवरच्या गादीवर झोपायची सवय असेल तर महिनाभर ती सोडा. एका हाताने जमिनीवरून उठताना दुसरा हात आपोआप टेकला जातोच. कॉट किंवा दिवाण हवा, डोक्याची बाजू भिंतीला लावलेला. उजव्या खांद्याचं ऑपरेशन असेल तर शरीराची डावी बाजू पलंगाच्या कडेला येईल असं झोपायचं, म्हणजे डाव्या हातावर जोर देऊन डावीकडेच उतरता येतं.

भिंतीला लोड उभा-आडवा कसाही घट्ट बसवा. त्याच्यापुढे गोधड्या किंवा जाड ब्लँकेटं घड्या करून पायऱ्यांसारखी रचा आणि वर उशा. चढण कमरेपासून सुरू व्हायला हवी. नेहमीची चूक म्हणजे डोक्याखाली चार उशा रचणं. त्याने मान वाकते, हनुवटी छातीला टेकते, पोटाशी घडी पडते आणि पाठ सपाटच राहते. कमरेपासून डोक्यापर्यंतचं अंतर ७० सेंटिमीटरच्या आसपास धरलं तर डोक्याकडची उंची ३५ ते ५० सेंटिमीटर हवी. साधारण ३० ते ४५ अंशांचा उतार मिळतो.

गुडघ्याखाली एक उशी द्या. ती नसेल तर रात्रभर माणूस उतारावरून खाली घसरत राहतो आणि पहाटे सपाट झालेला असतो.

आता सगळ्यात महत्त्वाची उशी. ऑपरेशनच्या बाजूला, दंडाच्या मागे, खांद्याच्या पात्यापासून कोपरापर्यंत पोचेल अशी एक उशी किंवा दोनदा घडी केलेली चादर. तिची जाडी किती? झोपल्या जागी मान न उचलता, नुसती नजर खाली वळवून स्वतःचं कोपर दिसलं पाहिजे. दिसत नसेल तर ते मागे पडलंय. अजून एक घडी घाला. ही एवढीच खूण लक्षात ठेवली तरी पुरे, रात्री अंधारात कुणाला विचारावं लागत नाही. घरच्यांनाही ही खूण शिकवून ठेवा, कारण गाढ झोपेत उशी सरकते आणि ती परत लावायला दुसरे दोन हात लागतात. शेवटची एक छोटी उशी पोट आणि पुढच्या हाताच्या मध्ये, पंजा लोंबू नये म्हणून.

हे सगळं ऑपरेशनच्या आधी दोन-तीन रात्री करून बघावं. उतारावर झोपायची सवय नसते, आणि पहिला प्रयोग कळा येत असताना करू नये.

शेजारी कोण झोपतं याचाही विचार करा. सांगितलेल्या पद्धतीने झोपलं तर दुखरा हात जोडीदाराच्या बाजूला येतो. मध्ये एक लोड आडवा टाका. आजीच्या कुशीत झोपणाऱ्या नातवाची महिनाभर दुसरीकडे सोय लावलेली बरी. झोपेतल्या लाथेला वय नसतं.

स्लिंगची बसवणूक

दुकानातून आणलेलं स्लिंगचं पाउच गळ्यात अडकवलं म्हणजे झालं असं नाही. कोपर पाउचच्या मागच्या टोकाला पूर्ण टेकलेलं हवं. पाउच मनगटाच्या पुढे, बोटांच्या मुळापर्यंत यायला हवं. मनगट बाहेर लोंबलं तर सकाळी बोटं सुजतात. पंजा कोपरापेक्षा किंचित वर. ऑपरेशनला जाण्याआधीच अंगठी आणि बांगड्या काढून ठेवा, नंतर सुजलेल्या बोटातून अंगठी कापून काढावी लागते.

पट्टा मानेला काचत असेल तर खाली मऊ रुमाल घाला. आडवं झाल्यावर हाताचं वजन उशीवर असतं, तेव्हा गळ्याचा पट्टा थोडा सैल केला तर चालतो; कमरेचा पट्टा मात्र जिथल्या तिथे. काखेत घाम साचून पुरळ येते, कोकणात-मुंबईत तर हमखास. सर्जनने परवानगी दिली असेल तर कमरेत पुढे वाकून हात सैल लोंबू द्यायचा, काख ओल्या फडक्याने पुसायची, कोरडी करायची आणि सुती रुमालाची घडी ठेवायची. शर्ट पुढून बटणांचा. घालताना दुखरा हात आधी, काढताना दुखरा हात शेवटी. उलट केलं तर कळ येते आणि मग तो धडा आयुष्यभर लक्षात राहतो.

संध्याकाळचा क्रम

रात्र चांगली जायला तयारी संध्याकाळी सातपासून करावी लागते. दुपारी चारनंतर चहा-कॉफी नको; कॅफिन निम्मं व्हायलाच साधारण पाच तास घेतं. रात्रीचं जेवण आठला. नऊच्या सुमारास बर्फ: प्लॅस्टिकच्या पिशवीत बर्फाचे खडे नाहीतर फ्रीजरमधले मटार, पिशवीभोवती नॅपकिन, १५ ते २० मिनिटं. मटाराची पिशवी खांद्याच्या गोलाईवर छान बसते, फक्त ते मटार नंतर भाजीला वापरू नका. ड्रेसिंग भिजता कामा नये आणि बर्फ लावून झोपी जायचं नाही, त्वचा जळते. जागे असताना दिवसातून चार-पाच वेळा असंच.

साडेनऊ-दहाला गोळी, त्यानंतर अर्ध्या-पाऊण तासाने अंथरुणावर. उशाशी, चांगल्या हाताच्या बाजूला, पाण्याची बाटली (झाकण आधीच सैल केलेली), टॉर्च आणि पुढचा एकच डोस, पट्टीतून फोडून छोट्या डबीत. एका हाताने अंधारात पट्टी फुटत नाही, आणि अख्खी पट्टी उशाशी असली की अर्धवट झोपेत दोनदा गोळी घेतली जाते. बाथरूमपर्यंत रात्रभर एक मंद दिवा. ट्रॅमाडॉलची गुंगी, एक हात बांधलेला आणि ओली फरशी हा योग खांद्याच्या टाक्यांना सगळ्यात घातक. पडताना माणूस कुठला हात पुढे करायचा हे ठरवत बसत नाही. घरी भारतीय पद्धतीचं शौचालय असेल तर कमोडची खुर्ची आणून ठेवा.

मध्यरात्री जाग आली तर तळमळत पडून राहू नका. वीसेक मिनिटांत परत डोळा लागला नाही तर उठून बसा. मूठ दहा वेळा उघडा-मिटा, मनगट वर-खाली करा, खोलीत चार फेऱ्या मारा, उशा नव्याने लावा, हवा तर पुन्हा बर्फ. मग आडवे व्हा. पहिले दोन आठवडे झोप दोन-तीन तासांच्या तुकड्यांत येते आणि ते अपेक्षितच आहे. सलग आठ तासांचा हट्ट धरला की झोप आणखी लांब जाते.

झोपेच्या गोळीबद्दल आमचं मत कडक आहे. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा झोल्पिडेम घरात कुणाची तरी असतेच, आणि ‘आजच्या रात्रीपुरती घे’ असा सल्लाही मिळतो. ट्रॅमाडॉल किंवा नसांच्या दुखण्यावरच्या प्रेगाबालिनबरोबर ती घेतली तर श्वास मंदावू शकतो. मोठ्याने घोरणाऱ्यांना, स्लीप अ‍ॅप्निया (झोपेत अधूनमधून श्वास थांबणं) असलेल्यांना आणि वयस्करांना धोका जास्त. दारूचंही तेच. झोपेची गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर ती अचानक बंद करणंही वाईट, म्हणून ऑपरेशनच्या आधीच भूलतज्ज्ञांना सांगायचं. त्यासाठी मास्कमधून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन लावत असाल तर ते पहिल्या रात्रीपासून लावायचं. एका हाताने मास्क बसवायची सवय आधी करून ठेवा.

तेल लावून मालिश, गरम पाण्याचा शेक, जखमेवर हळद: प्रेमाने सुचवलं जाईल, प्रेमाने नाही म्हणा. सुरुवातीच्या आठवड्यांत शेकाने सूज वाढते, आणि मालिशवाल्याच्या अंगठ्याला दोऱ्या दिसत नाहीत.

घाबरायचं कशाला आणि कशाला नाही

दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सांध्यात भरपूर सलाइन खेळवतात. त्यामुळे पहिले एक-दोन दिवस ड्रेसिंग गुलाबी पाण्याने भिजणं, खांदा-मान फुगलेली दिसणं नेहमीचं. काळंनिळं पडलेलं चौथ्या-पाचव्या दिवशी कोपरापर्यंत किंवा छातीवर उतरतं, तेही रक्त खाली ओघळल्यामुळेच.

ताप १०१ फॅरनहाइटच्या वर, जखमेतून पू किंवा सुरुवातीचे दिवस सरल्यावरही थांबत नसलेला स्राव, पसरत जाणारी लाली, पोटरीत दुखणं आणि सूज, बोटं थंड-निळी पडणं, ४८ तासांनंतरही हात बधिर असणं, पडल्यावर किंवा झटका बसल्यावर ‘कट्’ असा आवाज येऊन दुखणं वाढणं, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट न बघता डॉक्टरांना कळवा. अचानक दम लागला तर थेट इमर्जन्सीला. खांद्यातला जंतुसंसर्ग कधीकधी तापाशिवाय, अगदी धिम्या पावलांनी येतो. दुखणं उतरत असताना काही कारण नसताना पुन्हा चढू लागलं तर ते दाखवावंच.

सगळ्या खांद्यांना एकच नियम नाही

फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, मोकळा करण्याच्या ऑपरेशननंतर हात बांधून ठेवायचा नसतो, पहिल्या दिवसापासून हलवायचा असतो. तिथे गोळीची वेळ व्यायामाच्या पाऊण तास आधी लावतात. खांदा वारंवार निखळतो म्हणून केलेल्या बँकार्ट दुरुस्तीत हात डोक्यामागे घेऊन झोपण्याची सवय महिनोन्महिने विसरावी लागते. सांधा बदलला असेल तर पलंगावरून उठताना त्या हातावर जोर देणं आणि तो हात पाठीमागे नेणं, दोन्ही सर्जनने परवानगी देईपर्यंत बंद.

रोटेटर कफमध्ये पहिले तीन दिवस सगळ्यात कठीण, दोन आठवड्यांत दिवसाचं दुखणं बरंच उतरतं, रात्रीचं मागे रेंगाळतं. औषधं कमी करायचा क्रम उलटा: आधी ट्रॅमाडॉल सुटतं, मग सुजेची गोळी, रात्रीचं पॅरासिटामॉल सगळ्यात शेवटी. दोन आठवड्यांनंतरही ट्रॅमाडॉलशिवाय भागत नसेल तर डॉक्टरांशी बोला. चार ते सहा आठवड्यांनी स्लिंग निघते, फिजिओथेरपी वाढते आणि रात्री पुन्हा थोड्या बिघडतात. त्या आठवड्यात व्यायाम संध्याकाळी उशिरा न करता सकाळी करून बघा.

कुशीवर वळायची मुभा साधारण या सुमारास मिळते, तीही चांगल्या बाजूच्या कुशीवर. छातीशी एक जाड उशी कवटाळायची आणि दुखरा हात तिच्यावर पूर्ण टेकवायचा, खाली लोंबू द्यायचा नाही. दुखऱ्या कुशीवर झोपायला तीन महिने किंवा त्याहून जास्त लागतात, पालथं झोपायला त्याहूनही उशीर. बहुतेकांची झोप तीन ते सहा महिन्यांत पूर्वीसारखी होते. तोवर दुपारी अर्ध्या तासाची डुलकी चालेल, तीनच्या आत आणि उतारावरच. ऑपरेशन डाव्या खांद्याचं असेल तर खरीखुरी वामकुक्षी तेवढी पुढच्या हंगामावर टाका.